दुसरा भाग आणायचा नाही

तेलगू मुलखातल्या आमच्या इचोड्यात त्या कॉमिक्सच्या नायकाला एकच चाहता होता, किराणा दुकानदाराचा मुलगा. तो माझ्या वर्गात होता आणि स्वभावानंच सरळ होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बाकी आमच्या घरच्या ओट्यावर जमणारी आम्ही सगळी पोरं खलनायकांच्या बाजूची. नायक पोलादी बंडी घालायचा, दहा मजली इमारतीच्या टोकावर उभा राहायचा आणि संधी मिळेल तिथं सत्याबद्दल भाषण ठोकायचा. भाषणं आम्हाला शाळेत रोज प्रार्थनेच्या वेळी पोटभर मिळत होती. ती भाड्यानं आणून कोण ऐकणार?

खरं कारण मात्र वेगळं होतं. आम्हाला कॉमिक्स वाचून दाखवायची माझी ताई, आणि नायकाचं बोलणं ती एका सुरात, गॅस सिलेंडरचा नंबर सांगावा तसं म्हणून टाकायची. खलनायक आले की मात्र ती ओट्यावर उठून उभी राहायची. तिघं होते. एक विहिरीत राहणारी राणी, एक सिमेंटची माणसं बनवणारा डॉक्टर आणि एक सावल्या चोरणारा म्हातारा. राणीचं हसणं खोलातून घुमत यायचं, डॉक्टरचं खोकल्यात अडकायचं, आणि म्हातारा तर आवाजच न करता नुसते खांदे हलवून हसायचा. हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नसायचं. पुस्तकात तिघांनाही एकच 'हा हा हा' असायचं.

तिनंच वाचायचं, कारण दुसऱ्या कोणाला वाचताच येत नव्हतं. कॉमिक्स हिंदीत. बस स्टँडजवळच्या सायकल पंक्चरवाल्याकडे नागपूरकडून येणारे ओळखीचे ट्रक ड्रायव्हर जुनी-नवी आणून टाकायचे आणि तो ती भाड्यानं द्यायचा. आम्ही घरात मराठी बोलणारी, पण शिकलेलो तेलगू शाळेत. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीत, कारकून होते. नोकरी तेलगूतच मिळते, हे ते स्वतः घाम गाळून शिकले होते, म्हणून मला त्यांनी पहिलीपासून तेलगूत घातलं. देवनागरी अक्षर मला तेव्हा चित्रासारखं दिसायचं. ताई मात्र लहानपणापासून पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात मामाकडे वाढलेली, मराठी शाळेत आठवीपर्यंत गेलेली. पोरगी आता घरात पाहिजे म्हणून आईनं हट्टानं तिला परत आणली, आणि बाबांनी इथल्या शाळेत नववीत बसवली. ती हिंदी वाचायची आणि वाचता वाचता आमच्या बोलीत सांगायची. विहिरीतली राणी आमच्या ओट्यावर अस्सल वऱ्हाडी बोलायची.

शाळेत तीच ताई शेवटच्या बाकावर बसायची. तेलगू तिला नुसतं कानावरून कळायचं. बोलायला गेली की मध्येच मराठी शब्द घुसायचे आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. मग तिनं बोलणंच बंद केलं. सर काही विचारत, ती उभी राहत असे आणि खाली बघत असे. मी सहावीत, आमचा वर्ग शेजारीच होता आणि मधली भिंत छतापर्यंत नव्हती. तिच्या वर्गातलं हसू मला रोज ऐकू यायचं आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा.

बाबांनी शेवटी ठरवलं. दसऱ्याला मामा येईल, त्याच्यासोबत तिला परत पाठवायचं. दहावी तिकडे मराठीत होईल. बाबांचं चुकत नव्हतं, म्हणून तर कोणाला वाद घालता येईना. आई चुलीशी बसून नुसती डोळ्यांना पदर लावायची. ताई म्हणायची, "जातो ना. जा म्हनलं तं जातो," आणि उठून ओट्यावर जायची. तिला जायचं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरी राहून ती आता कुठं आपल्या घरात आली होती, आणि रात्री झोपेत माझा हात धरून ठेवायची.

अशात तो खास अंक आला. पावसाळा सरत होता. पंक्चरवाल्यानं तो दोरीला सगळ्यांत पुढे लटकवला होता. मुखपृष्ठावर नायक नव्हताच. तिन्ही खलनायक एका टेबलाभोवती बसलेले, आणि टेबलावर ती पोलादी बंडी. पूर्ण गोष्ट त्यांचीच होती. राणी विहिरीत का गेली, डॉक्टरनं पहिला सिमेंटचा माणूस कोणासाठी केला, म्हाताऱ्याची स्वतःची सावली कोणी नेली, हे सगळं त्यात होतं. शेवटी तिघं एक होतात, नायकाला खड्ड्यात टाकून वर झाकण लावतात आणि शहर त्यांचं होतं. मग शेवटच्या पानावर, दुसरा भाग लवकरच.

ताईनं तो अंक वाचून संपवला. मग एकदम कालवा झाला. आमच्यातल्या सगळ्यांत धाकटीला राणीसाठी रडू कोसळलं. कोणी म्हणालं, आता नायकाला अद्दल घडली. किराणावाल्याचा मुलगा लाल होऊन म्हणाला, "दुसऱ्या भागात पाह्य तू. सुटते तो."

सुटणार, हे आम्हालाही माहीत होतं. तेच तर दुःख होतं. तेव्हा मी, आणि हे मी आजही मोठ्या ऐटीत सांगते, ओट्यावर चढून ठराव मांडला. "दुसरा भाग आनायचाच नाई! कोनीच नाई. वाचलाच नाई तं तो सुटन कसा?"

सगळ्यांनी हात वर केले. किराणावाल्याच्या मुलानं हात खालीच ठेवला, पण त्याला विचारतो कोण. नायक खड्ड्यात आणि राज्य खलनायकांचं, कायमचं. पुढे दुसरा भाग आला आणि पंक्चरवाल्याच्या दोरीवर लटकून राहिला. आम्ही जाता-येता तो विचारायचा, "अरे, क्या हुआ तुम लोगों को? नया माल है!" आम्ही मान फिरवून पुढे जायचो.

ठराव मांडताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दुसरा भाग नाही, म्हणजे ताईचं वाचनही नाही. रविवारी बाजार उठल्यावर पोरं नेहमीप्रमाणे ओट्यावर जमली आणि ताई रिकाम्या हातांनी बसून राहिली. दसरा जवळ येत चालला होता. एरवी त्या एका तासात ती कोणीतरी असायची, तेही माझ्या पराक्रमानं गेलं.

धाकटीनं विचारलं, "ताई, मंग आता राज्यात काय करून राह्यले ते?"

ताईनं जरा विचार केला. "काय करतीन? मंडल ऑफिसात गेले."

आणि तिथून सुरू झालं. राज्य मिळालं, पण कागद नव्हता. राणीच्या विहिरीचा पट्टा कोणाच्या नावावर आहे, हेच कोणाला माहीत नाही. तिघांनी दरखास्त दिली. कारकून म्हणाला, सायब जागेवर नाईत, उद्या या. उद्या गेले तर म्हणाला, नक्कल जोडा. डॉक्टर चिडून सिमेंटची चार माणसं घेऊन गेला, तर कारकुनानं त्या चौघांनाही रांगेत उभं केलं. सगळ्या शहराला थरथर कापायला लावणारे तिघे ऑफिसाच्या पायरीवर शेंगदाणे खात बसले. आम्ही हसून हसून लोळत होतो. आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. 'सायब जागेवर नाईत' हे वाक्य कोणाचं होतं ते आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं. पण बाबा बाहेर आले नाहीत. खोकला मात्र बराच वेळ चालला, आणि आई नंतर म्हणाली की तो खोकला नव्हता.

दर रविवारी ती पुढचं सांगू लागली. किराणावाल्याचा मुलगाही येऊन ऐकायचा, हसायचा, आणि शेवटी उठताना म्हणायचा, "हे पुस्तकात नाई." त्याला मनापासून त्रास होत होता. त्याचा नायक इतके आठवडे उपाशी खड्ड्यात होता.

एक दिवस तो मधल्या सुट्टीत शर्टाच्या आत काहीतरी दडवून नववीच्या वर्गात शिरला. मी मागोमाग गेले. त्यानं दुसरा भाग काढून ताईसमोर ठेवला.

"अरे, ठराव हाय ना!" मी ओरडले.

"ठराव ओट्यावरचा हाय. ही शाळा हाय," तो म्हणाला, आणि ताईकडे वळला. "मले वाचता येत नाई, अक्का. वाच ना. त्याले काहाड बाहेर."

तोवर रंगीत पुस्तक बघून वर्गातली पोरं भोवती जमली होती. निम्मी आसपासच्या खेड्यांतली, तेलगू आणि गोंड घरांतली, त्यांना मराठी कळत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, तेलगूत सांग. तिला रोज हसणारी हीच ती पोरं होती. मी ताईची बाही ओढली. पण तिनं पुस्तक उघडलं होतं, आणि पहिल्याच चित्रात विहिरीतली राणी होती.

तिनं तेलगूत सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात मराठी शब्द घुसला. मागून कोणीतरी खुसखुसलं. ताई थांबली. तिनं मान वर केली, खुसखुसणाऱ्या पोराकडे पाहिलं, आणि विहिरीच्या तळातून आल्यासारखी ती हसली. राणीचं हसणं. पोरगं दचकून बाकावरून मागे सरकलं.

मग तिनं सांगितलं, ही राणी परमुलखातली आहे, ही अशीच बोलते. आणि राणीला तिनं आपलंच मोडकं, अर्धं मराठी अर्धं तेलगू बोलायला लावलं. नायकासाठी आमच्या तेलगूच्या सरांची भाषा घेतली, शुद्ध, पुस्तकी, एकेक शब्द तोलून टाकलेला. ती तिला इतकी हुबेहूब येत असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मागच्या बाकावर गप्प बसून ती इतके महिने ऐकतच तर होती. नायक बोलला की वर्ग खिदळायचा, आणि राणी बोलली की कानात प्राण आणून ऐकायचा. राणीचं काही कळलं नाही तर पोरं एकमेकांना विचारून घ्यायची, पण मध्ये कोणी हसायचं नाही.

शेवटी नायक झाकण फोडून बाहेर आला. ताईनं प्रामाणिकपणे जसं होतं तसं सांगितलं. तिघंही हरले, राणी परत विहिरीत गेली, संपलं. टाळ्या एकट्या किराणावाल्याच्या मुलानं वाजवल्या, त्याही दोन-चार. मग त्यानंच विचारलं, "अक्का, पन विहिरीत गेल्यावर मंग काय केलं तिनं?"

हे पण तेलगूतच सांग, असं नववीतलं कोणीतरी म्हणालं. ताईनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि घंटा होईपर्यंत सांगत राहिली. घंटा झाल्यावरही तेलगूचे सर दारात उभे होते आणि आत यायची घाई करत नव्हते. त्यांच्या बोलण्याची नक्कल त्यांनी ऐकली होती की नाही, ते कधीच कळलं नाही. मी आनंदानं इतकी फुगले होते की माझ्या वर्गात जायचं विसरले आणि त्याबद्दल छडी खाल्ली. ती मला लागलीसुद्धा नाही.

दसऱ्याला मामा आला. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणं झाली, मामा बाजेवर टेकला आणि म्हणाला, "चाल बाई, भर पिशवी. सांजच्या गाडीनं निंगू."

ताई उभीच राहिली. मग ती बाबांकडे वळली आणि तेलगूत बोलली, "नेनु पोनु." मी जाणार नाही. घरात आम्ही कधी तेलगू बोलत नसू, आणि ताई तर नाहीच. पण मामाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्याचं मन न दुखवता सांगायला तिला तेवढी एकच वाट होती. तिथं ती थांबली नाही. मला इथं राहायचं आहे, मी नापास झाले तरी पुन्हा बसेन, पण आपल्या घरातून बसेन, असं सगळं तिनं अडखळत सांगितलं. एकेक वाक्यात दोन-दोन मराठी शब्द होते आणि आवाज मात्र राणीचा होता.

बाबा दिवसभर ऑफिसात लोकांच्या तेलगू दरखास्तींतल्या चुका काढायचे. मी वाट पाहत होते, आता हिच्याही काढतील. त्यांनी एकही काढली नाही. "सरे," ते तेलगूत म्हणाले, म्हणजे बरं.

मामा एकदा ताईकडे, एकदा बाबांकडे बघत होता. "काय म्हंते पोरगी?"

"इथंच राह्यतो म्हंते," बाबा म्हणाले. मग त्यांना राहवेना. चष्मा काढून पुसत ते पुन्हा म्हणाले, "तेलगूत म्हंते, भाऊ."