उजवीकडून चालणारं मांजर

आखातात नोकरीला असताना झिंज भागात आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी चित्रकार राहायचे. मुलांच्या अरबी साप्ताहिकात त्यांची मांजराची कार्टून पट्टी यायची. चिडलेलं मांजर काढायचं असलं की ते स्वतःच दात विचकायचे. जिन्यात भेटले की त्यांच्या तोंडावरून मला पुढच्या आठवड्याची गोष्ट कळायची.

पट्टी देण्याआधी ते ती आमच्या लहान मुलीला दाखवायचे. मी शेजारधर्म म्हणून आधीच हसायचो.

"अहो, तुमचं हसणं मफी, म्हणजे नाहीच, ते धरायचं नाही," ते म्हणायचे. "तुम्ही तर साहेबाच्या विनोदालाही हसता."

खोटं नव्हतं.

एकदा ते तोंड पाडून आले. "संपादक म्हणतात, या वेळी पोरं हसली नाहीत तर पट्टी खलास."

अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून चित्रंही त्याच क्रमाने होती. झोपलेल्या कोळ्याचा मासा मांजर खातं, कोळी त्याच्यामागे धावतो, शेवटी मांजर खांबाला बांधलेलं. कोळ्याचं पोट माझं आहे, हे बायकोने लगेच ओळखलं.

इंग्रजी शाळेतली आमची लेक मात्र डावीकडून पाहत गेली आणि खुदखुदली. "अंकल, कॅट सुटली, पळाली, अँड देन शी गॉट द फिश."

त्यांनी पट्टी हातात घेऊन डावीकडून पाहिली. मग आमच्याच जेवणाच्या टेबलावर ती उलट्या क्रमाने नव्याने काढायला बसले. "वहिनी, ताटं जरा थांबवा."

पट्टी पुढे कित्येक वर्षं चालली, आणि एकाही गोष्टीचा शेवट त्यांनी मांजराला बांधून केला नाही.