व्हर्नाबाईंचा गार भात

शरयूकाकू आणि जगन्नाथराव सांगलीहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी जगन्नाथरावांच्या घशात गाठ निघाली. शहाऐंशीचा हिवाळा होता. संजीव ऑफिसातून लवकर निघून वडिलांना रेडिएशनला नेई. काही आठवड्यांत घसा आतून असा सोलवटला, की पाणी पितानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. काकूंनी गुरगुट्या भात केला, मुगाचं कढण केलं. दोन चमचे घेऊन ते वाटी बाजूला सारत. चवीने खाणारा माणूस, त्याची गालफडं बसलेली पाहून काकू ओट्यापाशी उभ्या राहून रडत.

शेजारी व्हर्ना नावाच्या बाई एकट्याच राहत. काकूंना इंग्रजी कळे, पण बोलायचा धीर होत नसे, त्यामुळे ओळख हात हलवण्यापुरतीच. एका सकाळी व्हर्नाबाई बर्फ तुडवत काचेचं भांडं घेऊन आल्या.

"राइस," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचाही घसा असाच झाला होता. त्याला हा जायचा."

गार, थलथलीत, गोड भात. त्यात डब्यातले पीच आणि फेटलेलं क्रीम. भाताचा तो अवतार पाहून काकूंना कसंसंच झालं. पण जगन्नाथरावांनी चमचाभर तोंडात घेतला, जरा थांबले आणि गिळला. चेहरा वेडावाकडा झाला नाही. वाटी संपल्यावर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, अजून आहे का?"

संध्याकाळी सून, दीपा, कामावरून आली. फ्रीज उघडून म्हणाली, "आई, बाबांनी हे खाल्लं? यात जिलेटिन असतं. जनावरांच्या हाडांचं."

काकूंनी भांडं फ्रीजमधून बाहेर काढलं. अंडं असतं म्हणून नातवाच्या वाढदिवसाचा केकही न खाणारा माणूस!

"सांगू नका ना त्यांना," दीपा म्हणाली. "निदान पोटात काही जातंय."

काकूंना ते पटलं, आणि पटलंही नाही. इतकी वर्षं त्यांनी जे वाढलं ते नवऱ्याने न विचारता खाल्लं होतं. सकाळी त्यांनी सांगून टाकलं.

जगन्नाथरावांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही हो. काल दीपाने सांगितलं तेव्हा कळलं."

"मग झालं तर. आता नको देऊस. पण त्या बाईंना काही बोलू नकोस. एवढ्या बर्फातून आल्या बिचाऱ्या."

हे मात्र काकूंनी ऐकलं नाही. भांडं घासून त्या व्हर्नाबाईंकडे गेल्या. "माय हजबंड व्हेरी हॅपी," त्या म्हणाल्या. "बट... नो बोन." व्हर्नाबाईंना काही कळेना. काकूंनी ओट्यावरचं जिलेटिनचं पाकीट उचललं आणि स्वतःच्या मनगटाच्या हाडावर बोट ठेवलं.

"अरे देवा! मी काय खायला घातलं त्यांना!" व्हर्नाबाईंचे डोळे भरून आले. काकूंनी त्यांना जवळ घेतलं.

शनिवारी संजीवने शिकागोतल्या देशी दुकानातून जिलेटिनऐवजी घालायला समुद्री शेवाळाचं चायना ग्रास आणलं, आणि व्हर्नाबाई काकूंच्या स्वयंपाकघरात आल्या. पहिल्या खेपेला भाताची वडी पडली, दुसऱ्यांदा तो सेटच झाला नाही. दोघी फ्रीजचं दार उघडून सारख्या बघत बसायच्या. तिसऱ्यांदा जमलं. काकूंनी वेलची टाकायला डबी उघडली, तर व्हर्नाबाईंनी हात धरला. "नको. घशाला टोचेल."

"त्या दिवशीचा जास्त मऊ होता," पहिला चमचा घेऊन जगन्नाथराव बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. पण वाटी त्यांनी संपवली, आणि बर्फ वितळेपर्यंत रोज तेच खाल्लं. उन्हाळ्यात ते भाजी-भाकरीवर आले. आवाज मात्र घोगराच राहिला.

त्या उन्हाळ्यापासून काकू रोज व्हर्नाबाईंबरोबर फिरायला जाऊ लागल्या. एवढ्याशा इंग्रजीत या तासभर बोलतात तरी काय, याचं दीपाला कोडं पडलं. तिने एकदा विचारलंच.

"नवऱ्यांबद्दल," काकू म्हणाल्या आणि बूट घालू लागल्या.