बठ्ठं बरं शे

तानुबाईला कुणीही विचारलं, कसं काय, की तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "बठ्ठं बरं शे." म्हणजे सगळं बरं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला आलेल्या बापाला तिने सासूच्या देखत हेच सांगितलं होतं, आणि नवरा वारल्यावर समाचाराला आलेल्या मावशीलाही. पिंपळनेरच्या अलीकडच्या त्या गावात बाईमाणसाने चारचौघांत याहून जास्त बोलायचं नसे. काय असेल ते चुलीपाशी, बायकाबायकांत. काही गोष्टी तर तिथेही नाहीत.

पंच्याऐंशी साली तिच्या पाठीला पोक आलं. आधी शेतात निंदणी करताना कळ यायची, मग पाय जड पडले, मग पाय आपले नाहीतच असं झालं. थोरला दीर रुपचंद तिला जीपमध्ये गोधडीवर निजवून धुळ्याला घेऊन गेला. तिथे डॉक्टर पितांबर बोरसे मणक्याची ऑपरेशनं करत. तिच्या मणक्याला टीबी झाला होता. डॉक्टरांनी आतला पू काढला आणि तिच्याच बरगडीचा तुकडा मणक्यात बसवला. आडवी गेलेली तानुबाई दिवाळीनंतर एसटीतून उतरून चालत घरी आली, तेव्हा गाव बघायला जमलं होतं.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. लघवीवरचा ताबा. शिंक आली, घागर उचलली, नुसतं उठायला उशीर झाला, तरी लुगडं ओलं व्हायचं. ती जुन्या धोतराची घडी बांधून ठेवायची, ती घडी नदीवर सगळ्यांच्या आधी धुऊन आणायची आणि दोरीवर लुगड्याखाली लपवून वाळवायची. सासू झुंबरबाईने एकदा विचारलं, "घरमा वास कसाना येस वं?" तानुबाईने मांजरावर ढकललं. त्या दिवसापासून झुंबरबाई मांजराला घरात घेईना.

दोन वर्षांनी बोरसे डॉक्टरांचा कंपाउंडर रतिलाल गावात आला. डॉक्टर आपल्या ऑपरेशनांवर इंग्रजीत लेख लिहीत होते. त्यासाठी जुने पेशंट आता कसे आहेत ते विचारत हा लुनावरून गावोगाव फिरत होता. रुपचंदने त्याला ओट्यावर बसवलं, चहा सांगितला. शेजारचे दोघे-तिघे न बोलावता येऊन टेकले. तानुबाई दाराआड उभी राहिली.

"चालता येतं?"

"येस."

"शेतात जाता?"

"जास."

"आणि..." रतिलालने घसा खाकरला, नजर कागदातच ठेवली. "लघवी-संडास सगळं ताब्यात?"

रुपचंद बशीत चहा ओतत होता. त्याचा हात थांबला. तानुबाईने पदर दातांत धरला.

"बठ्ठं बरं शे."

सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. रतिलालने पटकन कागदावर खूण केली आणि पावसापाण्याचं काढलं.

त्यानंतर ती दरवर्षी डॉक्टरांना दाखवायला जायची. डॉक्टर खुर्ची पुढे करायचे, पण ती कधी बसली नाही. खुर्ची ओली झाली तर? रतिलाल बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना सांगे, "ही बाई साहेबांसमोर बसत नाही. मान ठेवावा तर असा." ते ऐकलं की तिला जास्तच मेल्यासारखं व्हायचं. एकदा डॉक्टरांनी तिचा उभा फोटोही काढला. तो बायकांच्या वॉर्डात भिंतीवर लागला होता.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात ती दाखवायला गेली, तेव्हा डॉक्टरांकडे जळगावहून दोन तरुण डॉक्टर आले होते. बोरसे डॉक्टर खुशीत होते. त्यांनी तिला आत बोलावलं.

"काय तानुअक्का, कसं शे?"

"बठ्ठं बरं शे, दादा."

"बघा. माझ्या लेखातल्या ह्या बाई," डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. टेबलावर छापील कागदांची चळत होती. "मद्रासच्या एकांनी त्यांच्या लेखात माझ्या लेखाचा आधार घेतला. त्यांचं वाचून इंग्लंडमधल्या एकाने घेतला. मुंबईच्या लायब्ररीतला मित्र कळवत असतो, अजून घेतायत. आता तर एका पुस्तकात आलंय."

"कोणत्या मुद्द्यासाठी, सर?"

"सगळे एकच वाक्य उचलतात. या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या एकाही बाईला लघवीची तक्रार राहिली नाही."

दोघांतला धाकटा खाली बघून म्हणाला, "आमच्याकडे निम्म्या बायकांना राहते, सर. आम्हाला वाटायचं, आमचाच हात वाईट."

"मग या की शिकायला," डॉक्टर हसले.

तानुबाईला एवढंच कळलं की बोलणं तिचं चाललंय. "दादा, आधार म्हंजे?"

"म्हणजे असं अक्का, तू साक्ष दिलीस. त्या साक्षीवर दूरदूरचे डॉक्टर पुढचं काम करतात."

तिचे कान तापले. तिने मान हलवली आणि बाहेर आली. दारापासून फाटकापर्यंतचा रस्ता बायकांच्या वॉर्डातून जात होता.

तिथे रतिलाल एका खाटेपाशी उभा राहून बोलत होता. खाटेवर कुंदाबाई नावाची पोर होती, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. नुकतंच ऑपरेशन झालेलं. "पुन्हा गादी ओली. इतक्या वर्षांत इथे कोणत्या बाईला असं झालं नाही. तुझंच काय? जरा मनावर घे," असं म्हणून तो निघून गेला.

पोरीचे ओठ फुटले होते. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेलाच होता. तानुबाईने भांड्यात पाणी ओतून पुढे केलं, तिने तोंड फिरवलं. पाणी प्यायचंच तिने सोडलं होतं. अंग तापलेलं होतं.

"ते म्हनतस, आठे कोनले व्हस नही," ती म्हणाली. "मनाच अंगमा खोट शे. रविवारे घरधनी लेवाले येई. वास ऊना त् घरमा ठेवी का?"

तानुबाईने भांडं खाली ठेवलं. साक्रीची बस सुटायला वेळ होता, तरी ती घाईघाईने दारापर्यंत गेली. दाराची कडी हातात धरून उभी राहिली. मग परत फिरली.

"माले बी व्हस," ती अगदी हळू बोलली. "ऑपरेशन व्हयनं तैपासून."

कुंदाबाईने भिंतीकडे बोट केलं. "तू त् फोटोमानी बाई. तुले कसं व्हई?"

आता सांगून पटणारं नव्हतं. तानुबाईने इकडेतिकडे पाहिलं, पोरीचा हात धरला आणि लुगड्यावरून कमरेखालच्या घडीवर ठेवला. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मंग डॉक्टरले का सांगं नही?"

तानुबाईने भांडं उचलून पोरीच्या हातात दिलं आणि उठली.

डॉक्टरांच्या खोलीत पाहुणे अजून बसलेले होते. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"दादा, मनी साक्ष खोटी शे."

"कसली?"

"लघवीनी. माले ताबा नही. कधीच नव्हता." पुढचं तिला बोलवेना, तरी ती बोलली. "ती पोर पानी पेत नही. तिले सांगा, तिना दोष नही."

डॉक्टरांनी रतिलालला हाक मारली. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हिला विचारलंस तेव्हा तिथे कोण होतं?"

"दीर होते साहेब. आणि चार माणसं."

"बाकीच्या बायकांना?"

"तसंच, साहेब." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग पाहुण्यांकडे न बघता म्हणाले, "यात याची चूक नाही. मी स्वतः तरी कुठे विचारलं? हिला दरवर्षी 'कसं शे' विचारतो आणि हिची बस चुकू नये म्हणून सोडतो." आणि तानुबाईला म्हणाले, "अक्का, तेव्हाच कळलं असतं तर काही औषध, काही सवय लावता आली असती. आता किती जमेल, सांगता येत नाही."

"लाज वाटनी, दादा. जेठ समोर बठेल व्हता."

कुंदाबाईला त्या संध्याकाळी सलाइन लागलं. रविवारी तिचा नवरा आला, तेव्हा डॉक्टर स्वतः त्याच्याशी बोलत बसले. त्याने तिला नेलं. पुढे तिचं काय झालं, ते तानुबाईला कळलं नाही. ती चौकशी करायला धजली नाही.

डॉक्टरांनी सगळ्या जुन्या बायकांना परत बोलावलं. या वेळी सिस्टरने दार लावून एकेकीला विचारलं. निम्म्याहून जास्त बायकांनी रडत तीच तक्रार सांगितली. डॉक्टरांनी दुरुस्ती लिहून पाठवली. ती त्याच मासिकात मागच्या पानावर, अर्ध्या रकान्यात छापून आली. भिंतीवरचा फोटो निघाला, त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

दोन वर्षांनी तानुबाई दाखवायला गेली, तेव्हा डॉक्टरांचे केस बरेच पिकले होते. त्यांनीच विषय काढला. लेखाचा आधार अजून घेतात, म्हणाले. तेच वाक्य. कालपरवाच आणखी एक लेख आला.

"अनं मंग मी सांगेल ते?"

"त्या दुरुस्तीचा उल्लेख एकानेही केलेला नाही, अक्का."

तानुबाईने थोडा विचार केला. "तुमना दुसरा कागद बाई शे वाटस. चार लोकंसमोर तोंड उघडस नही."

रतिलाल हसायला गेला आणि मध्येच थांबला. डॉक्टर हसले नाहीत. उठून त्यांनी त्याला बाहेर पाठवलं, सिस्टरला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. सिस्टरने खुर्चीवर मेणकापड पसरलं.

तानुबाईने मेणकापडाकडे पाहिलं. ती बसली नाही. उभ्यानेच, खाली बघत, पहिल्यापासून सगळं सांगू लागली.