शिवणकामाच्या कमाईचं घर

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. नाव योगेंद्र प्रभाकरराव मुत्यालवार, वय सेहेचाळीस, राहणार वर्धा, व्यवसाय भांड्यांचे दुकान. मालकीचे घर: निरंक. वाहन: स्कूटर एक, तीही वडिलोपार्जित. वार्षिक उत्पन्न: इतके की, आकडा वाचून सहृदय माणसाने इसमाच्या घरी शिधा नेऊन द्यावा. कुटुंब: पत्नी एक, मुलगी एक (नागपुरास शिक्षणार्थ). पत्नीचा स्वतंत्र व्यवसाय: शिवणकाम. ओळखीची खूण: धंद्याविषयी विचारले असता इसम मान डावीकडे कलती करून "मंदी हाये जी" असे म्हणतो.

हे वर्णन बहुतांशी खुद्द इसमाच्या सहीनं पंधरा वर्षं आयकर खात्याकडे जात होतं. स्कूटर आणि ओळखीची खूण तेवढी आमच्या पदरची.

ही खूण मात्र त्याच्या घराण्याची. गिऱ्हाईक, भाऊबंद आणि सरकार या तिघांना आपली कमाई कळली की दुकानाला दृष्ट लागते, असं त्याचे वडील प्रभाकरराव सांगत. एका सकाळी तीन लग्नांचं रुखवत विकून ते गल्ल्याशी बसत आणि शेजारच्या कापडवाल्यानं "कसं काय?" विचारलं की मान कलती करत. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी "आज कसं वाटतंय?" असं विचारलं, तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच शब्द निघाले म्हणतात. योगेंद्रनं दुकान घेतलं, त्यासोबत ही मानही घेतली.

दुकान उत्तम चालायचं. वर्ध्यात गेल्या वीस वर्षांत कुणीही घर बांधलं, तरी त्याच्या गृहप्रवेशाला गेलेली एखादी परात किंवा डबा योगेंद्रच्या दुकानातला असणार, आणि त्यावर नाव घालायच्या मशीननं योगेंद्रनंच कोरलेलं असणार, 'गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट'. त्याचा हात या अक्षरांवर असा बसला होता की एकदा बारशाच्या वाटीवरही त्यानं बाळाचा गृहप्रवेश करून टाकला. इतक्या लोकांना घरात घालणारा हा माणूस स्वतः मात्र आनंदाबाईंच्या दोन खोल्यांत किरायानं राहत होता.

आनंदाबाई खालच्या मजल्यावर राहत आणि वरच्या मजल्यावर लक्ष ठेवत. पाण्याची मोटर त्या चालू करत, पाहुणे किती दिवस राहिले ते त्या मोजत, आणि त्यांच्या भिंतीला खिळा ठोकायची कोणाला परवानगी नव्हती. त्यामुळे मुत्यालवारांचं कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं असे, आणि योगेंद्रची बायको जागृती हिला माहेराहून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ सतरा वर्षं टेबलावर उताणं पडून छताला वेळ सांगे. जागृतीला घराविषयी फार स्वप्नं नव्हती. तिला एक भिंत हवी होती आणि तीत एक खिळा.

डाउन पेमेंट योगेंद्र कधीपासून जमवत होता. दुकानाच्या वरच्या फळीवर एक पितळी गुंड होता, पाणी भरायचा, पोटानं मोठा. गिऱ्हाइकानं कितीही मागितला तरी तो विकायचा नसे. बिनबिलाच्या विक्रीतले पैसे त्यात पडत. नोटाबंदीत एकदा, आणि पुढं गुलाबी नोटा परत गेल्या तेव्हा दुसऱ्यांदा, या गुंडातलं घर नातेवाइकांच्या हाती थोडं थोडं देऊन रांगेत उभं करावं लागलं होतं. दोन्ही वेळी ते झिजून परत आलं. तरी आता गुंड गळ्यापर्यंत भरला होता.

त्या उन्हाळ्यात गावाला लागून असलेल्या आलोडीतलं एक घर विकायला निघालं. चार खोल्या, पुढं कडुनिंब. मालक मनोहरराव सरकारी कचेरीतून हेडक्लर्क म्हणून निवृत्त झाले होते आणि मुलाकडं पुण्याला चालले होते. सौदा ठरला. योगेंद्रनं रिवाजाप्रमाणं आवाज खाली आणून विचारलं, की किती एक नंबरात आणि किती दोन नंबरात. मनोहरराव म्हणाले, सगळं चेकनं. आयुष्यभर सरकारी नोकरी केली, आता तरी शांत झोप येऊ द्या. या वाक्याचा अर्थ विचारायचं धाडस योगेंद्रनं केलं नाही.

आता इसार द्यायचा तोही चेकनं. गुंडाला चेकबुक नसतं. शेवटी जागृतीनं आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या, सराफाचा चेक तिच्या खात्यात जमा झाला आणि तिथून इसार गेला. इसारचिठ्ठीत लिहिलं होतं, दिवाळीपर्यंत रजिस्ट्री झाली नाही तर इसार बुडाला. जागृतीनं ते वाक्य दोनदा वाचलं, रिकाम्या मनगटावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "पाटल्या गेल्या त्याचं काही नाई. पण घर नाई आलं, तर मी तुमाले रोज विचारन का माया पाटल्या कुठं हायेत."

योगेंद्र निर्धास्त होता. बाकीच्या रकमेचं कर्ज बँकेतून काढायचं होतं आणि बँकेत त्याला सारे ओळखत होते. पण त्या पावसाळ्यात बँकेत मयुरी मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या होत्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या, वयानं लहान आणि कोणालाच न ओळखणाऱ्या. त्यांनी योगेंद्रची विवरणपत्रं एकेक करून वाचली, आणि वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर कळवळा दिसू लागला.

"एवढ्याशा उत्पन्नात तुमचं घर चालतं कसं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, ते कागदावरचं हाये."

"बँकही कर्ज कागदावरच देते, मुत्यालवार."

योगेंद्रनं मग आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. आपला धंदा जोरात आहे, हे तो एका परक्या बाईला पटवू लागला. लग्नसराईत दुकानात उभं राहायला जागा नसते, पंचक्रोशीतली रुखवतं आपल्याकडून जातात, हे सगळं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, की हे विवरणपत्रात का नाही? यावर त्याची मान आपोआप डावीकडे कलली.

तिथून तो तडक भूपेंद्रकडं गेला. भूपेंद्र हा बाजारातल्या निम्म्या दुकानदारांचा करसल्लागार. अर्ध्या बाजाराला दारिद्र्यात ठेवण्याचं काम तो माफक फीमध्ये करी. योगेंद्रनं त्याला बरंच सुनावलं.

भूपेंद्रनं ऐकून घेतलं. "भाऊ, पंधरा वर्षं तुमीच म्हणत होते, कमी दाखवा. मी कमी दाखवलं. आता मलेच काऊन बोलून राह्यले?" मग चहा सांगून त्यानं कपाट उघडलं. "वहिनीची फाइल पाहाची का?"

वहिनीची फाइल ही त्याचीच करामत होती. दुकानाच्या उत्पन्नातला काही भाग बायकोच्या नावावर दाखवला की कर हलका होतो, म्हणून त्यानं लग्नानंतर दोन वर्षांतच जागृतीला शिवणकामाला लावलं होतं, म्हणजे कागदावर. सुरुवातीला ती थोडेसे ब्लाऊज शिवत असे. पुढं प्रगती झाली, फॉल-पिको आला, पंजाबी ड्रेस आले, आणि गेली काही वर्षं तर तिची कमाई नवऱ्याच्या वर गेली होती. खोटं वाटू नये म्हणून दरवर्षी तेवढे पैसे तिच्या खात्यात भरावे लागत. योगेंद्रच्या लेखी ते धर्मादाय होतं, भरले की विसरून जाई. जागृती विसरत नसे. घरखर्चातून वाचलेलंही ती त्यात घाली आणि मुदत ठेव करून टाकी. ठेवींची मुदत दसऱ्याला भरत होती, म्हणून तर इसारासाठी पाटल्या मोडाव्या लागल्या.

मयुरी मॅडमनी ही फाइल पाहिली आणि पहिल्यांदा हसल्या. नियमित उत्पन्न, नियमित कर, ठेवीही आहेत, डाउन पेमेंट त्यातून होतंय. मुख्य अर्जदार जागृतीबाई, घर त्यांच्या नावावर, कर्ज त्यांना. नवऱ्याचं नाव घातलंच पाहिजे असं नाही, त्यानं अर्ज कमकुवत होतो. फक्त एकदा येऊन शिवणकामाची जागा पाहायला लागेल.

वीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरणाऱ्या माणसाला आपलं नाव घरासाठी अपायकारक आहे, हे पचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मशीनची शोधाशोध सुरू झाली.

मशीन होती खाली, आनंदाबाईंकडं, पायानं चालवायची. त्या देतील अशी आशा कोणालाच नव्हती, पण त्यांनी लगेच होकार दिला.

"घेऊन जा ना बाई," त्या जागृतीला म्हणाल्या. "तुमी गेले का नवा किरायदार येईन, किराया बी वाढवता येईन. सुई मोडली तं नवी आणून देजो."

मॅडम आल्या त्या दिवशी पितृपक्ष चालू होता. त्या दिवसांत भांडं घ्यायला काळं कुत्रंही फिरकत नाही, म्हणून योगेंद्र घरीच होता, आणि तेच चुकलं. मशीन खिडकीपाशी मांडली होती, तिच्यावर इकडून तिकडून मागून आणलेले ब्लाऊजपीस. जागृतीच्या गळ्यात टेप होता. मॅडम सगळीकडं नजर फिरवत होत्या, टेबलावरचं उताणं घड्याळही त्यांनी पाहिलं. मग सहज, माणूस बोलायचं म्हणून बोलतो तसं, त्यांनी विचारलं, की कसं काय, धंदा ठीक चाललाय ना?

प्रश्न जागृतीला होता. पण धंद्याचा प्रश्न कानी पडला आणि दोन पिढ्यांची सवय जागी झाली. योगेंद्रची मान डावीकडे कलली.

"काहाचं जी. मंदी हाये."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. योगेंद्रला आपण काय बोललो ते कळलं, आणि तो ते सावरायला तोंड उघडणार तोच जागृतीनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते आपोआप मिटलं. मंदी आहे का, असं मॅडमनी तिला सरळ विचारलं. ती मशीनवरचे ब्लाऊजपीस सारखे करत राहिली. मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पर्समधून एक पिशवी काढली. आईची साडी होती, फॉल लावायचा होता, त्याच रंगाचा ब्लाऊज शिवायचा होता. या गावात अजून त्यांना टेलर मिळाला नव्हता. परवापर्यंत होईल का?

बायकोला साधं बटण लावता येत नाही, हे योगेंद्रइतकं कोणाला ठाऊक असणार?

जागृतीनं साडी हातात घेऊन उलटीपालटी केली, काठ पाहिला आणि पिशवीत घालून परत दिली.

"आता नाई होत मॅडम. दिवाळीनंतर येजा."

"अहो, फक्त फॉल..."

"फॉलवालेच तं जास्त हायेत. दिवाळीनंतर पाहू."

मॅडमनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. लहानपणापासून ज्या ज्या टेलरकडं त्या गेल्या होत्या, त्या प्रत्येकानं त्यांना नेमकं याच सुरात परत पाठवलं होतं. मशीन कोणीही मांडून ठेवील, पण गिऱ्हाइकाला असं हाकलायला धंदाच असावा लागतो. त्यांनी फाइल मिटली आणि जाताना योगेंद्रला बाजूला घेऊन म्हणाल्या, की बायकोचं काम एवढं जोरात असताना मंदी मंदी करू नये, त्यांना वाईट वाटत असेल.

दिवाळीच्या आधी रजिस्ट्री झाली. गृहप्रवेशाला पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणं भांडी आणली, ती योगेंद्रच्याच दुकानातून घेतलेली होती, आणि त्यानंच त्यावर नावं घातली होती, 'सौ. जागृतीताईंस गृहप्रवेशानिमित्त'. जागृतीनं पहिल्याच सकाळी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. तो जरा वाकडा गेला, म्हणून शेजारी दुसरा ठोकला, आणि मग गरज नसताना तिसरा. घड्याळ लावून झाल्यावर नवऱ्याला तिनं हप्त्याची तारीख सांगितली. कागदावर ती जेवढं कमावते तेवढं दर महिन्याला तिच्या खात्यात पडलं पाहिजे, तेही बिलाच्या विक्रीतलं, नाहीतर बँक तिला विचारेल आणि ती त्याला विचारेल.

"आणि हाव," ती म्हणाली, "पाटल्या येगळ्या."

बिलाची विक्री जागृतीच्या खात्यात जाते, घरखर्च गुंडातून निघतो, त्यामुळे गुंड हल्ली सावकाश रिकामा होतो आहे. दुकानात कोणी "कसं काय?" विचारलं तर योगेंद्र अजूनही मान कलती करतो. फरक एवढाच, की आता तो खरं बोलतो.

अखेरची नोंद येणेप्रमाणे. घरमालक: सौ. जागृती योगेंद्र मुत्यालवार, राहणार आलोडी. व्यवसाय: शिवणकाम. कर्जाची परतफेड: नियमित. पती सदर पत्त्यावर त्यांच्यासोबत राहतात. घरात शिलाई मशीन नाही.