अप्पांची नागीण
ओल्या गेरूचा वास आला की वडिलांची नागीण आठवते. अप्पांच्या पाठीवर फोडांचा पट्टा उठला, तेव्हा द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी मीच गेरूचा लेप लावत होतो. डॉक्टरकी शिकणारा धाकटा भाऊ दुसऱ्याच दिवशी गोळ्या घेऊन आला. "अप्पा, विषाणू प्रत्येक पेशीत नाही शिरत. जिथं त्याची किल्ली लागते, तिथंच. हा नसांत दडतो, म्हणून फोड नसेच्या वाटेनं उठले." अप्पा मला म्हणाले, "बघ, असं शिकावं." मी आतून जळलो. तो कॉलेजला परतल्यावर मी अप्पांना म्हणालो, "गोळ्या उष्ण पडतील, आधी लेपाचा गुण बघू." फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू करायच्या त्या गोळ्यांची वेळ त्यात टळली. फोड गेले, पण पुढे वर्षभर नसेच्या दुखण्यानं अप्पांना पाठीला सदरा सोसवेना. तरी ते सांगायचे, "सेवा करावी ती थोरल्यानं." अप्पा गेले, धाकट्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही.