आणखी एक वाटा

बाबा गेल्यावर त्यांचं जाळं कोणाला द्यायचं, हे घरात ठरलं. त्यांचा-माझा एक जुना वाद मात्र कोणाला देता येण्यासारखा नव्हता.

मी गडचिरोलीला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. वाचनाच्या भरात मी त्यांना म्हटलं, सगळे समान असलेला समाज फक्त पुस्तकात असतो. माणसाच्या हाती वाटप आलं की लबाडी आलीच. बाबा जाळं सांधत होते.

"आपल्या तलावावर ये एकदा."

"तलाव म्हणजे समाज नाही, बाबा."

"मंग आमी काय, म्हशी हावो?"

कुरखेड्याकडचं आमचं गाव. उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की सारं गाव मिळून मासे धरी. मासे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणून पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे लावायचे, तलावाच्या पाण्यावर ज्यांची शेती, त्यांच्या दर चुलीमागे एक. वाटे बाबा लावत. मग एक म्हातारा वाट्यांकडे पाठ करून उभा राही. बाबा एखाद्या वाट्यावर काठी टेकवून विचारत, "हा कोनाचा?" म्हातारा न पाहता एका घराचं नाव घेई. मालदाराच्या नावावर बारीक मासे आले, तरी ते बदलून मिळत नसत.

वडशाहून एक टेलर बायकोला घेऊन गावात राहायला आला होता. हिवाळ्यात नाटकवाल्यांचे कपडे शिवी, एरवी आमचे. ईदला त्याच्याकडून आमच्या घरी शिरखुर्मा येई. पण तलावाखाली त्याचं शेत नव्हतं, म्हणून वाटाही नव्हता. बाबांनी एकदा आपल्यातले मासे त्याला नेऊन दिले. त्याने ते परत केले.

"मेहरबानी, भाऊ. पन असे नोको. वाटा असन तं घेईन."

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत घरी आले, तेव्हा पाळीवर गेले. टेलरही सगळ्यांसोबत चिखलात उतरला. त्या दिवशी बाबांनी एक वाटा जास्त लावला. म्हातारा भडकला.

"याचं शेत कुठी हाय? उद्या बसचा ड्रायव्हर उतरन पान्यात, त्यालेबी देशीन?"

"त्याची चूल आपल्या गावात पेटत असन, तं देईन."

"आमचा वाटा कमी होऊन राह्यला ना!"

"माहाबी होऊन राह्यला."

म्हातारा पुटपुटत पाठ करून उभा राहिला. नाव घेणं त्याच्याच तोंडी होतं, आणि त्याने घेतलेल्या नावावर कोणी बोलत नसे. एकेक करून नावं संपली. एक वाटा उरला. बाबांनी त्यावर काठी टेकवली.

"हा कोनाचा?"

म्हातारा पंच्याने मान पुसत राहिला. टेलर पाळीखाली पाय धूत होता. चिखल केव्हाच निघाला होता, तरी तो पाय चोळतच होता.

"हा कोनाचा, भाऊ?"

ऊन चढलं होतं. मासे वास मारू लागले होते. बाबांनी काठी उचलली नाही.

"हा कोनाचा?"

"टेलरचा! अजून कोनाचा? मासोळी सडवून राह्यला उगाच!"

पाळीवर हशा पिकला. टेलर वर आला आणि दोन्ही हातांनी पान उचलून घेऊन गेला.

घरी परतताना मी तरीही म्हटलं, "बायांचं नाव कुठे घेतात, बाबा? नवरा मेला तरी त्याच्याच नावाने वाटा."

बाबा चालता चालता थांबले. "हे खरं हाय," म्हणाले. वाद तिथेच राहिला.

यंदाचा उन्हाळा बाबांशिवायचा पहिला. वाटे माझ्या चुलतभावाने लावले. म्हाताऱ्याला आता उभं राहवत नाही. काही वर्षांपासून नावं टेलरच घेतो. आई आणि मी मोहाच्या झाडाखाली उभ्या होतो. बाबांचं नाव कानांवर पडेल तेव्हा आईचं काय होईल, याची मला धास्ती होती.

"हा कोनाचा?"

टेलर थांबला. घसा खाकरला आणि त्याने आईचं नाव घेतलं. तिचं स्वतःचं नाव. त्या पाळीवर घेतलेलं बाईचं पहिलंच. बाबांनी त्याला कधी काही सांगून ठेवलं होतं का, ते मी विचारलं नाही.

पूर्ण समान समाज कधी होईल, असं मला आजही वाटत नाही. पण आमच्या पाळीवर तो एकेका नावाने वाढताना मी दोनदा पाहिला आहे, आणि त्यातल्या एका वेळी काठी माझ्या बापाच्या हातात होती.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे जाऊन पान उचललं आणि आत पाहिलं.

"सारे झिंगेच हायेत! टेलरभाऊ, पाठ करूनबी बरोबर सोलाचं काम मलेच देलं ना तुमी!"