धामणीची लांबी आणि टेपवाले गुरुजी

गुरुजींना एक वेळ कुणी शिवी दिलेली चालायची, पण सापाची लांबी वाढवून सांगितलेली चालायची नाही. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी गणित. गावात कुठे धामण निघाली की लोक वर्गाच्या खिडकीतूनच हाक मारत, आणि गुरुजी खडू खाली ठेवून खिशातला शिंप्याचा कापडी टेप चाचपत निघत. गाव त्यांना टेपवाले गुरुजीच म्हणे.

एकदा खुशालभाऊंच्या गोठ्यात धामण शिरली. "दहा फुटाची हाय, गुरुजी!" खुशालभाऊ सगळ्या गावाला सांगत सुटले होते. गुरुजींनी ती अलगद धरली, शेपूट माझ्या हातात दिलं, टेप लावला आणि जाहीर केलं, "सहा फूट." खुशालभाऊंचा चेहरा असा पडला, जणू चार फूट त्यांच्याच अंगातून कापले.

"कमी काऊन करून राहिले जी तुमी?"

"मी कमी नाई करून राहिलो, भाऊ. जेवढी हाय तेवढीच लिहून राहिलो."

मग धामण पिशवीत घालून काट्याला लटकवायची, वजन वहीत लिहायचं आणि तिला धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोडून द्यायचं. यापुढचा सोहळा टेपाचा. तो साबणाच्या पाण्यात धुऊन गुरुजी दोरीवर लटकवत आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून खालच्या टोकाला दगड बांधत. स्वतःच्या सदऱ्याला त्यांनी कधी इस्त्री केली नाही, पण टेप कसा सरळ हवा! मला त्या दगडाचं फार कौतुक वाटायचं.

आमच्याकडे यायच्या आधी गुरुजी चिचगडला होते. तिथल्या जंगलातल्या धामणी त्यांनी तेव्हा नव्याकोऱ्या टेपानं मोजल्या होत्या. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्यावर त्यांना शोध लागला: तेवढ्याच वजनाची धामण चिचगडला लांब आणि सडपातळ, तर आमच्या धानाच्या बांधीतली आखूड आणि गुबगुबीत. "जंगलातलीले वनवन फिरा लागते," ते सांगत. "इथं उंदीर आयते भेटते, मंग सुटन नाई तं काय!" मी गणितवाला, म्हणून आलेख मी काढला. फरक बोटभर होता, मी तो हातभर दिसेल असा काढला.

देवरीला सर्पमित्रांच्या मेळाव्यात गुरुजींनी हे सगळं वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या, शाल-नारळ मिळाला. गाव मात्र चिडलं. आपल्या गावच्या धामणी आळशी आहेत, हे कुणालाच पसंत पडलं नाही.

गुरुजींचा हा शोध बुडवला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या ब्लाउजनं. वहिनींनी घरातल्याच टेपानं मापं घेतली, चिठ्ठीवर लिहून सडक अर्जुनीच्या शिंप्याकडे पाठवली, आणि ब्लाउज आला तो अंगात जाईना. वहिनींनी दोन दिवस भात सोडला. तिसऱ्या दिवशी त्या शिंप्याशी भांडायला गेल्या, तेव्हा त्यानं आपला टेप त्यांच्या टेपाशेजारी ठेवला. गुरुजींचा टेप दीड इंच जास्त लांब भरला. इतकी वर्षं तो दगड टेपाला ताणत होता, आणि सैल टेपावर प्रत्येक धामण आखूड भरत होती.

गुरुजी वह्यांकडे बघत बसले. मोजलेले साप केव्हाच सोडून दिलेले, ते पुन्हा मोजायला कुठून आणणार? इतकी वर्षं लोकांच्या फुटाफुटावरून त्यांची जिरवलेली, आणि आता हे. मी हळूच म्हणालो, "गुरुजी, कोणाला कळणार आहे? गप्प राहू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा आलेख आठवला.

पुढच्या मेळाव्यात ते उभे राहिले आणि म्हणाले, "इथल्या धामनी सुटल्या नाई. माहा टेप सुटला." मागच्या खेपेएवढ्या टाळ्या काही पडल्या नाहीत. गावात मात्र खुशालभाऊ घरोघर सांगून आले, "म्हनजे दहा फुटाचीच होती!"

गुरुजींनी लोखंडी टेप घेतला. तो पारखायला त्यांनी आधी मला शाळेच्या भिंतीशी उभं केलं, मग स्वतः उभे राहिले. पाच फूट चार इंच. मी पेन्सिलीनं रेघ मारली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी नव्या वहीत लिहिलं, "धामण, क्रमांक एक." माझ्यानं हे झालं नसतं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. तेरवीला मांडवात त्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या. खुशालभाऊ डोळे पुसत म्हणाले, "असा मानूस होने नाई. सहा फुटाचा गडी होता!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच फूट चार इंच. मी स्वतः मोजलेत."

खुशालभाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा टेप सैल असन, मास्तर."

मी हसायला गेलो, आणि तेरा दिवसांत न आलेलं रडू तेव्हा आलं.